दाराखालची वायर

माझ्या सासऱ्यांना, नानांना, हळू बोलता यायचं नाही. तरुणपणी ते गिरणीत साच्यांच्या, म्हणजे कापडाच्या मागांच्या, खडखडाटात उभे राहिलेले. गिरणी बंद पडली तरी आवाज तोच राहिला. मुलुंडच्या आमच्या इमारतीत त्यांनी मला "गो, बांगडे गावले काय?" असं विचारलं, की उत्तर शेजारच्या वहिनी द्यायच्या.

माझं ऑफिस घरी आलं आणि हाच माणूस एका दिवसात मुका झाला. हॉलमधल्या कॉम्प्युटरसमोर, कानाला हेडफोन लावून, मी कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकायची. नाना पुढ्यात येऊन गिरणीतल्या खुणा करायचे. दोन बोटं ओठांशी म्हणजे चहा, हात हलवला म्हणजे खाली जाऊन येतो. साच्यांपुढे कामगार असेच बोलत म्हणे. खुणेने भागत नव्हता तो फक्त खोकला. डॉक्टरांकडे चला म्हटलं की ठरलेलं उत्तर, "गिरणीतलो खोकलो तो. तुझ्या घोवापेक्षा जुनो आसा." मी आणि नवरा दोघंही हसायचो.

मग नेट रडायला लागलं. वायफाय नको, वायरच हवी, ही कंपनीची अट. म्हणून नानांच्या खोलीतल्या राऊटरपासून दाराखालून हॉलपर्यंत वायर ओढली होती. कॉल सुरू झाला की ग्राहकाचा आवाज तुटायचा, समोरचं पान उघडता उघडत नसे. माझी सुट्टी बघून नेटवाला यायचा, तेव्हा स्पीड अगदी शहाण्यासारखा. "मॅडम, लाइन झकास आहे," म्हणून तो जायचा. राऊटर बदलला, वायर काढून पुन्हा खोचली, अख्खा कॉम्प्युटर फॉरमॅट करून झाला. दिनेशची, माझ्या नवऱ्याची, नोकरी गेलेली. तो कामाच्या शोधात दिवसभर बाहेर, घर माझ्या एकटीच्या पगारावर. त्यात साहेबांनी सांगून टाकलं, "या महिन्यात सुधारलं नाही, तर माझ्या हातात काही नाही." मला जेवण जाईना.

एका दुपारी कॉल मध्येच बंद पडला. राऊटर बंद-चालू करायला उठले, तर नानांचं दार लागलेलं. ढकललं तर जड लागलं. आत नाना जमिनीवर, दाराला पाठ लावून बसले होते. तोंडावर पंचा दाबलेला.

"दार कशाला लावलंत?"

"खोकलो येता गो. तुझ्या गिऱ्हायकांक आयकाक जाता."

"रोज लावता?"

"तुझा काम सुरू झाला काय लावतंय."

वायर मध्ये आल्याने दार पुरतं लागत नव्हतं, म्हणून ते पाठीने रेटून धरायचे. खाली वायर पार चेपली होती. नेटवाला यायचा तेव्हा मी कामावर नसायची, म्हणून दार उघडं आणि वायरही मोकळी. मला हसू आलं आणि रडूही.

दिनेशने नवी वायर आणली, चौकटीच्या वर भोक पाडून तिथून हॉलमध्ये घेतली. नेट सुसाट सुटलं, नोकरी वाचली. नानांनी दार लावून पाहिलं. "आता बेस लागता बघ," म्हणाले. मी उघडं राहू द्या म्हटलं, पण ते ऐकणारे नव्हते. मी कामाला बसले की दार घट्ट बंद. कामानंतर बाहेर येऊन माझ्याशी पत्ते खेळायचे, आणि मध्येच पाणी प्यायला म्हणून उठून आत जायचे. जेवण निम्म्यावर आलं, तेव्हा आम्ही ते वयावर ढकललं.

एका संध्याकाळी त्यांना उभंच राहवेना. हॉस्पिटलात छातीचा फोटो बघून डॉक्टरांनी विचारलं, "इतका खोकला कधीपासून आहे?"

दिनेशने माझ्याकडे पाहिलं. दिवसभर घरात मीच असायची. नानांचं दार कधीपासून लागायला लागलं, ते मी बोटांवर मोजू लागले.

नाना त्या आजारातून उठले नाहीत. लोक म्हणतात, किती समजूतदार माणूस. मला मात्र त्यांचा राग येतो, अजून येतो. उभ्या इमारतीला ऐकू जाणारा आवाज होता त्यांच्याकडे. माझ्या कॉलच्या मधोमध, साहेबांसकट सगळ्यांना ऐकू जाईल असं, एकदा खोकायला काय झालं होतं?