नवमीला बंद पडलेला सर्व्हर

इचलकरंजीच्या एका कारखानदारांच्या वेबसाइटवर कापडाचे नमुने उघडायला इतका वेळ लागायचा की गिऱ्हाईक कंटाळून निघून जायचं. सर्व्हर त्यांच्याच ऑफिसात होता. मी त्यावरचं वेबसाइट चालवणारं जुनं सॉफ्टवेअर, अपाची, काढून त्याजागी एन्जिनएक्स बसवलं, फोटो हलके केले, उगीच अडून राहणारी कनेक्शनं लवकर सुटतील असं केलं. पान पापणी लवायच्या आत उघडायला लागलं. मी कोल्हापूरला घरी येऊन निवांत झोपलो.

सकाळी बघतो तर सर्व्हर उत्तरच देईना. आपणच काहीतरी सेटिंग बिघडवलं म्हणून स्वतःला शिव्या देत मी इचलकरंजी गाठली.

ऑफिसात सर्व्हरची वायर काढून नीट गुंडाळून ठेवली होती. डब्यावर हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढं नारळ. शेडमधले मागही तसेच सजून गप्प उभे होते. मी कारखानदारांना गाठलं.

"दिवाळीच्या तोंडावर बंद कुणी केला हा?"

"मीच," कारखानदार म्हणाले. "आज खंडेनवमी न्हवं का? वर्षभर राबतंय, एक दिस बसू दे की त्येला."

कालच्या वेगाचे टिपून ठेवलेले आकडे तरी दाखवावेत म्हणून मी तणतणत खुर्चीत बसलो आणि लॅपटॉप उघडला. ते दचकून मागं सरकले. मी चपला घालून देवघरात शिरल्यासारखं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"आजच्या दिवशी चालू ठेवलायसा व्हय?"

अख्ख्या कारखान्यात त्या दिवशी चालू असलेलं एकच यंत्र माझ्या मांडीवर होतं.