हातानं तपासा

आमच्या थोरल्या जाऊबाईला घरात सगळे मागं ‘हातानं’ म्हणतात. नाव माझ्या नवऱ्यानं ठेवलं. कुठल्याही विमानतळावर तिला उभी करा, तपासणीच्या पट्ट्यापाशी पोचली की ती कॅमेऱ्याच्या रोलांची पिशवी छातीशी धरते आणि म्हणते, “रोल आहेत. हातानं तपासा.” मागं रांग खोळंबली आहे, कोणी घड्याळाकडे बघतंय, कोणी चुकचुकतंय, तिला कशाचं काही नाही. एकदा या हट्टापायी तिचं विमान सुटलं. घरी येऊन काय सांगितलं? “विमान दुसरं मिळतं.” आणि सगळे तिचं कौतुक करत बसले! माझी साधी बस चुकली असती तर मला वेंधळी म्हणाले असते.

तोंडावर मी तिला ताई म्हणते, अहो-जाहो करते. इथं मात्र थोरलीच म्हणणार. कागदावर तरी एवढी सूट मला असू दे.

आमच्या मामंजींचा फोटो स्टुडिओ होता. खाली दुकान, मागं डार्करूम, वर आम्ही सगळे. दोन मुलगे, पण दोघांनाही फोटोचं वावडं. म्हणून मामंजींनी सुनांना शिकवलं. महिनाभर आम्हा दोघींना सगळी कामं आलटूनपालटून दिली आणि मग एका सकाळी चहा पिता पिता वाटणी करून टाकली. थोरलीला म्हणाले, “तुझा हात स्थिर आहे, कॅमेरा तू घे.” मला म्हणाले, “तुझं काम चोख आहे, डार्करूम तू बघ.” तो ‘चोख’ मला अजून टोचतो. तिला उजेड मिळाला, माणसं मिळाली, प्रवास मिळाले. मला बंद दार, लाल दिवा आणि बोटांना कायमचा औषधांचा वास. गिऱ्हाईक फोटो हातात घेऊन म्हणायचं, “काय फोटो काढलाय ताईंनी!” काय धुतलाय, असं आजवर एकानंही म्हटलेलं नाही.

म्हणून मी जळायची. हो, जळायची. आडवळणानं कशाला सांगू? तिची बॅग भरली की माझ्या कपाळावर आठी चढायची, आणि बॅगेतले रोल मात्र मीच लावून द्यायची, कारण काम माझं चोख.

तपासणीच्या मशीनच्या किरणांनी न धुतलेला रोल बिघडू शकतो, म्हणून तो विमानातून न्यायची एक रीत असते. खोक्यातून काढायचे, प्लास्टिकच्या डबीतून काढायचे आणि आरपार दिसणाऱ्या पिशवीत भरायचे, म्हणजे तपासणाऱ्याला काही उघडावं लागत नाही. मोठ्या बॅगेत चुकूनही टाकायचे नाहीत. ती बॅग आत कुठंतरी जास्त जोराच्या मशीनमधून जाते. किरण अडवणारी शिशाची पिशवीही आम्ही एकदा आणून पाहिली. मशीनमध्ये नुसता काळा गठ्ठा दिसला, त्यांनी सगळं उपसलं आणि रोल सुटे करून पुन्हा मशीनमध्ये घातले.

मग मी एक युक्ती काढली. रोलवर आकडा असतो. आकडा जितका मोठा, तितका रोल कमी उजेडात चालतो आणि मशीनच्या किरणांनी तितकाच लवकर बिघडतो. आमचे रोल चारशेचे. चारशे वाचलं की अधिकारी म्हणतो, काही होत नाही, टाका. बत्तीसशे वाचलं की तो थबकतो. म्हणून मी प्रत्येक रोलवर लाल पट्टी चिकटवायला लागले, ‘३२००’. आकडा खोटा, अक्षर माझं. घरी रोल धुताना ती पट्टी वाचायची नाही, एवढाच नियम. धुणारी मी एकटी, तेव्हा नियमही माझ्यापुरताच होता.

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. मामंजींची एकुलती एक बहीण, आमच्या आत्याबाई, लग्न होऊन सातासमुद्रापार गेलेल्या. बहीण-भावाच्या शेवटच्या भेटीलाही तीस वर्षं झाली होती. त्या अंथरुणाला खिळल्या आणि मामंजींना डॉक्टरांनी विमानाची बंदी केलेली. त्यांची नजरही अधू झाली होती. मोठा फोटो डोळ्यांशी नेला तर दिसायचा, बारीक काही दिसत नव्हतं. ते थोरलीला म्हणाले, “तू जा. मला तिचा चेहरा आणून दे.”

मला कोणी विचारलंही नाही. मी पाच रोलांना पाच लाल पट्ट्या लावल्या.

तीन आठवड्यांनी ती परत आली. पायरीवर पाऊल टाकताच मला म्हणाली, “अगं, येताना एका ठिकाणी मेल्यानं ऐकलंच नाही. पिशवी हिसकावून मशीनमधून काढली. काही झालं नसेल ना?” एका फेरीनं चारशेच्या रोलला काही होत नाही, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, “बघू.”

दुपारी मी डार्करूममध्ये शिरले. पाचही रोल एकाच टाकीत बसवले, औषध ओतलं, घड्याळ लावलं. चारशेच्या रोलला नऊ मिनिटं. पलीकडे दुकानात थोरलीची बडबड चालली होती. आत्याबाईंनी हिला कसं जवळ घेतलं, कसं स्वतःच्या हातानं भरवलं, दारात पोचवायला उठता येत नाही म्हणून कशा रडल्या. मामंजी हसत होते, नाक ओढत होते, मध्येच म्हणाले, “पोरी, तू माझे डोळे आहेस गं.” मी त्या घरात अकरा वर्षं होते. मला ते कधी पोरी म्हणाले नव्हते.

नऊ मिनिटं झाली. मी टाकी ओतली नाही.

हात झाकणावर होता. चूक झाली म्हणायची तयारीही त्याच क्षणी झाली: पट्टी वाचली, घाईत बत्तीसशेचा वेळ दिला, अठरा मिनिटं. अठरा मिनिटं झाली. तरी मी उभीच. बाविसाव्या मिनिटाला ओतलं.

जास्त वेळ औषधात राहिलं की जिथं उजेड पडला होता ती जागा निगेटिव्हवर काळीठिक्कर होते आणि फोटोत पांढरीफटक उमटते. आत्याबाईंना थोरलीनं खिडकीपाशी घेतलं होतं, चेहरा उजेडाकडे. पिकलेले केस, गोरा रंग. पाचही रोलांवर चेहऱ्याच्या जागी काळे गोळे होते. मी दोरीवर फिती वाळत घातल्या आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

थोरली आत आली. एक फीत तिनं दिव्यासमोर धरली, खालपासून वरपर्यंत पाहिली. दुसरी पाहिली. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, “मशीन.” आणि बाहेर जाऊन मामंजींनाही तेच सांगितलं. मला काय हायसं वाटलं म्हणून सांगू! आणि लाज वाटायच्या आधी जरा गंमतही वाटली. म्हटलं, कॅमेरा मिरवणाऱ्या बाईला डार्करूममधलं काय कळतंय!

पुढचे चार दिवस मी दार लावून त्या निगेटिव्हशी झगडले. कागदाला चौपट उजेड दिला, दहापट दिला. खिडकी आली, पलंग आला, उशीवरची नक्षी आली. मामंजींनी फोटो डोळ्यांशी नेला, फिरवला, पुन्हा नेला. “हिचा चेहरा कुठाय?” त्यांनी विचारलं. एका फोटोत आत्याबाईंचा हात पांघरुणाच्या सावलीत होता, तो तेवढा नीट उमटला होता. “हात तिचाच आहे,” ते म्हणाले आणि तो फोटो त्यांनी उशाशी ठेवला. महिन्याभरात आत्याबाई गेल्या. मामंजी त्यानंतर आठ वर्षं जगले. फोटो उशाशीच होता.

आणि तेव्हापासून थोरली ‘हातानं’ झाली. त्याआधी ती दोनदा विनवायची, नाही ऐकलं तर सोडून द्यायची. आता हटूनच बसायला लागली. प्रत्येक प्रवासाहून आली की मामंजींपाशी बसून भांडणाचा साग्रसंगीत वृत्तांत द्यायची: अधिकारी काय म्हणाला, मी काय म्हटलं, शेवटी कसे हातमोजे घालून एकेक रोल तपासले. मामंजी मान डोलवायचे, “बरं केलंस. ते मशीन फार वाईट.” घरचे हसायचे. मला हसू यायचं नाही. हिच्या या वेडाचं बी मीच पेरलेलं, हे मला एकटीला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर त्या ठाऊक असण्यात एक गोडीही होती. सगळं तिच्याकडे होतं. ही एक गोष्ट माझी होती.

मध्यंतरी आत्याबाईंच्या मुलीनं बोलावणं धाडलं. तिला सत्तर वर्षं पूर्ण झाली, तेव्हा थोरलीनं येऊन फोटो काढावेत. थोरलीचे गुडघे आता बोलतात. ती म्हणाली, “धाकटीला बरोबर नेते.” साठीला आलेली मी, पहिल्यांदा विमानात बसले! पाच रोलांना लाल पट्ट्या याही वेळी मीच लावल्या. आता त्यांचीही गरज नाही म्हणा. नवी मशीनं बॅग चहूबाजूंनी आरपार बघतात, एका फेरीत चारशेचा रोलही कामातून जातो.

पहिल्या विमानतळावर थोरलीनं पिशवी छातीशी धरली. अधिकारी तरुण होता, चांगला बोलायचा. हातमोजे चढवत त्यानं विचारलं, “आजी, खरंच खराब होतात का हो? कधी झालेत तुमचे?”

“एकदा. पाच रोल,” थोरली म्हणाली.

“मशीननं?”

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. “हो. मशीननं.”

पलीकडे बाकावर बसून आम्ही बूट घालत होतो. बावीस वर्षं जे जिभेवर आलं नव्हतं ते तिथं, लोकांच्या गर्दीत, आलं. मी म्हटलं, “ताई, ते मशीननं नव्हतं.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. “फितीवर दोन फोटोंच्या मधली जागा स्वच्छ होती. मशीननं बिघडलं असतं तर तिथंही धुरकट झालं असतं. मामंजींनी महिनाभर मलाही शिकवलंय की गं. विसरलीस?”

“मग त्यांना सांगितलं का नाहीत?”

“त्यांची बहीण जाणारच होती. घरातली सूनही घालवायची होती का त्यांनी?” ती नाडीशी झटापट करत होती. “एकदा मशीन म्हटल्यावर मशीनला भ्यायलाच हवं होतं. मी निवांतपणे मशीनमधून रोल नेले असते, तर म्हाताऱ्यानं दुसऱ्या दिवशी विचारलं असतं, आता कशी गं भीती वाटत नाही? ते गेल्यावर मग सवयच पडली.”

माझ्या डोळ्यांना पाणी यायला हवं होतं. मला राग आला. खरंच, पायाच्या नखापासून राग आला. तेवढी एक गोष्ट माझी होती असं मी समजत होते, तीही पहिल्या दुपारपासून हिच्याकडेच! आणि तिनं ती माझ्याहून किती नीट सांभाळली. विमानं चुकवली, हसं करून घेतलं, नाव पाडून घेतलं. मला हे बावीस दिवससुद्धा जमलं नसतं. इतका हेवा मला तिच्या कॅमेऱ्याचाही कधी वाटला नव्हता.

विमान बदलायचं होतं तिथं पुन्हा तपासणी. थोरली पिशवी छातीशी धरायला लागली तशी मी ती तिच्या हातातून घेतली आणि पुढं झाले. “रोल आहेत. हातानं तपासा.”

इथला अधिकारी आंबट तोंडाचा होता. “काही होत नाही हो बाई. कधी खराब झालेत का?”

“झालेत. पाच रोल,” मी म्हटलं, आणि मागं ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, “मशीननं नाही. मी केलेत.”

मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं हातमोजे घेतले. मी मागं वळून पाहिलं. थोरली पट्ट्याच्या अलीकडे बाकावर वाकून बुटाची नाडी सोडत होती. तिनं मान वर केली नाही. पण पाचही रोल तपासून झाले तरी ती नाडी काही सुटत नव्हती.