फोटोतून पुसलेली पोर

पोर मीच पुसली. मला कुणी सांगितलं नव्हतं. उगाच कुणावर ढकलायला नको म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

जव्हारला माझा फोटो स्टुडिओ आहे. तीसेक वर्षं लग्नं टिपतोय. रोलच्या जमान्यात छत्तीस फोटोंत अख्खं लग्न बसवायचो आणि महिन्याने अल्बम नेऊन द्यायचो. कुणाचे डोळे मिटले, कुणाचं डोकं उडालं, तर शिव्याही महिन्यानेच बसायच्या. तोवर दोघं संसाराला लागलेली असायची, म्हणून त्याही मऊच असायच्या. आता? दोन हजार फोटो काढा, ड्रोन उडवा, रील करा आणि हळद सुकायच्या आत चार चांगले फोटो आपल्या पेजवर टाका. नाही टाकलेत तर पुढचं लग्न दुसऱ्याच्या घशात.

हे लग्न खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावरचं. नवरा-नवरी सहा वर्षं एकत्र राहत होती, त्यांना पाच वर्षांची मुलगी होती. आमच्याकडच्या आदिवासी पाड्यांवर यात कुणाला काही वाटत नाही. जोडपं आधी संसार मांडतं, पैसे जमतील तेव्हा लग्न लावतं. बाप आणि मुलगा एकाच मांडवात, आपापल्या नवरीशेजारी बाशिंग बांधून बसलेले मी टिपलेत, बोला! या नवरीने मला सकाळीच सांगितलं होतं, "भाऊ, बाकी कसंबी काढा, पण एक फोटो आमचा तिघांचा काढा. घरात लावायचाय."

काढला. दोघांना बाशिंगं, मधे पिवळ्या फ्रॉकातली पोर, एका हातात आईचं बोट, दुसऱ्यात बापाचं. फक्कड आला होता. आणि तिथंच माझं शहाणपण आडवं आलं. मागे असाच एक फोटो पेजवर टाकला, तेव्हा कुठल्या कुठल्या लोकांनी खाली नको नको ते लिहिलं होतं. त्याची भीती होती. आणि खरं सांगायचं तर नुसत्या जोडीच्या फोटोला लोक जास्त भुलतात, त्याचीही हाव होती. हल्ली मोबाइलवर माणसाभोवती बोट फिरवलं की माणूस गायब, मागचा पालासुद्धा आपोआप भरतो. मी बोट फिरवलं आणि फोटो पेजवर टाकला. खोडाळ्याकडे एरवी रेंजच्या नावाने बोंब, पण मेली त्या दिवशी नेमकी आली.

मांडवात धवलेरीचं गाणं चाललं होतं. धवलेरी म्हणजे गाणी म्हणत लग्न लावणारी बाई. तेवढ्यात नवऱ्याचा मोबाइल वाजायला लागला. तो ठाण्याला बिल्डिंगच्या साइटवर कामाला. माझा फोटो त्याच्या साइटवरच्या ग्रुपवर पोहोचला होता आणि 'क्या जोडी है भाई' असं धडाधड येत होतं. गडी खूश! हसत हसत त्याने तो फोटो शेजारच्यांना दाखवला. पोर त्याच्या हाताखालून डोकावली.

"बाबा, मी इथंच हुती ना? मी कुठं गेली?"

नवरीने मोबाइल हिसकावून घेतला. फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"भाऊ, हिला कुठं टाकलीत?"

"अगं, लोक वाईटसाईट लिहितात. तुझ्याच भल्यासाठी..."

"माझं भलं तुमाला कुणी इचारलं?"

तोंडात मारल्यासारखं झालं. मी पेजवरून फोटो काढून टाकला, पण उपयोग काय? तो केव्हाच शंभर ठिकाणी गेला होता. ती नवऱ्याकडे वळली. "तिघांचा टाक. त्याच लोकांत टाक, आता."

नवऱ्याने मोबाइल हातात घेतला. मग हळूच म्हणाला, "साइटवर पोरीचं सांगितलंच नाय मी. हसतील गं. मागनं टाकतो."

तिने बाशिंग सोडलं आणि मांडीवर ठेवलं. "सहा वर्षं बिनलग्नाची राहिली, आणखी राहीन. माझं काय अडलंय?"

धवलेरी गायची थांबली. नवऱ्याचा चुलता पुढे आला, "एका फोटोपायी काय लावलंय हे?" धवलेरीने त्याला हातानेच मागे सारलं. "नवरीनं बाशिंग बांधल्याबिगर माझं गाणं पुढं जायाचं नाय." माझी पाचावर धारण बसली. लग्न मोडलं असतं तर ते माझ्या एका बोटाने मोडलं असतं.

नवऱ्याने तिच्या मांडीवरच्या बाशिंगाकडे बघितलं, मग पोरीकडे. शेवटी नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "खरा पाठवा." मी पाठवला. त्याने खाली स्वतः लिहिलं, 'मेरी बीवी, मेरी बेटी', आणि अंगठा दाबला. रेंज नेमकी तेव्हा रुसली. फोटोवर ते चक्र फिरत राहिलं आणि अख्खा मांडव माना वाकवून त्या चक्राकडे बघत राहिला. एकदाचा गेला. लगेच टिंग वाजलं. नवऱ्याने मोबाइल उपडा करून बाजूला ठेवला. नवरीने बाशिंग बांधलं, गाणं सुरू झालं, लग्न लागलं. हुश्श म्हणून मी खाली बसलो.

जेवणं झाल्यावर नवरीनेच हाक मारली, "भाऊ, आता परत काढा. नीट काढा." तिघं उभी राहिली. मी कॅमेरा डोळ्याला लावला. तशी पोरीने आईचं बोट सोडलं, बापाचं सोडलं आणि गुपचूप मांडवाच्या खांबापाशी जाऊन उभी राहिली.

"काढा काका," ती म्हणाली. "मी नाय येत मधे."