अक्काचा ओला पदर

अक्का बसून झोपायची. भिंतीला पाठ, मांडीवर उशी, उशीवर दोन्ही हात आणि हातांवर कपाळ. लहानपणी मला वाटायचं, मोठी माणसं अशीच झोपत असतील. "आडवं व्हयनं का छातीमा कोंबडी कुरकुर करस," असं ती सांगायची आणि मी हसायचे. तो दमा होता हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आमच्या घरात त्याला 'जिनिंगचा खोकला' म्हणत.

अक्का माझी आत्या. आई मी पाळण्यात असतानाच गेली, तेव्हा मला अक्कानेच वाढवलं. एरंडोलला कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या कुंपणाला लागून आमची पत्र्याची एक खोली होती. वडील तिथे गाठी उचलायचे, अक्का झाडायची. रुईची बारीक लव सगळीकडे असायची, पिठात, पाण्यात, पापण्यांवर. सणाला नवा फ्रॉक घातला तर संध्याकाळपर्यंत तो म्हातारा दिसायचा. त्याच झाडण्यावर अक्काने मला जळगावला कॉलेजात पाठवलं. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जी फजिती झाली ती पदवी असून झाली.

झाडण्याचा अक्काला मोठा अभिमान. "मी झाडेल जागावर केर दखाडी दे, नाव बदली टाकसू," असं ती कोणालाही ऐकवायची. मला धुळ्याला नोकरी लागली, वडील गेले, तेव्हा मी तिला देवपूरच्या माझ्या दोन खोल्यांत घेऊन आले. पहिल्याच सकाळी जाग आली ती झाडूच्या आवाजाने, आणि त्यापाठोपाठ खोकल्याच्या. तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सरळ सांगितलं, "घरात झाडू बंद. धूळ उडाली की यांचा श्वास अडकणार. एखाद्या वेळी फार महागात पडेल."

अक्का बाहेर आल्यावर म्हणाली, "झाडू बंद? मंग मी घरमा काय करू, आरती?"

मी झाडू कपाटावर ठेवला. तिने जुन्या परकराने झाडलं. परकर लपवला तर वर्तमानपत्राच्या घडीने. खोकता खोकता एकदा ती इतकी निळी पडली की दवाखान्यात नेताना रिक्षात मी तिचा हात सोडला नाही. तेव्हा मी ठरवलं, धूळ ओढणारं यंत्र घ्यायचं. माझ्या पगाराला परवडेल असं, आणि अक्का ज्याला आपलं म्हणेल असं. त्याशिवाय तिच्या हातातला झाडू सुटणार नव्हता.

इथून माझा गोंधळ सुरू झाला. मला वाटलं होतं, पंखा घेतो तसं हे घ्यायचं. पण मोबाइलवर पाहायला लागले तर कोणी म्हणे वॅट पाहा, कोणी म्हणे वॅटला भुलू नका. कोणी म्हणे पिशवीवालं घ्या, दुसरा म्हणे पिशवीची कटकट हवी कशाला, डबा घ्या. कोरडं, ओलं-कोरडं, हातातलं, उभं, ड्रमसारखं. मी वही केली. वहीत रकाने आखले. चार दिवसांनी रकाने भरले आणि डोकं रिकामं झालं. ऑफिसात विचारलं तर एक बाई म्हणाल्या, "आमचं माळ्यावर पडलंय, घेऊन जा." दुसऱ्या म्हणाल्या, "आमचंही."

मी दुकानात एकटी जाऊन आले. दुकानदार बोलत होता, मी मान हलवत होते. तो 'हेपा फिल्टर' म्हणाला, मी लिहून घेतलं. घरी अक्काने विचारलं, "काय ठरनं?" मी म्हटलं, "हेपा चांगला असतो म्हणतात." ती म्हणाली, "कोना आंडोर शे तो?" आंडोर म्हणजे मुलगा; मला ती आंडेर म्हणायची.

दुसऱ्या दिवशी तिला सोबत नेलं. दुकानदाराने खुर्ची दिली. "अक्का, बसा. चहा मागवू?"

"चहा नको भो. गिलासभर पानी दे."

त्याने सगळ्यात मोठं यंत्र पुढे ओढलं. "ताई, दोन हजार वॅट. याच्यापुढे काही नाही बघा." गालिच्यावर त्याने मीठ पसरलं, बटण दाबलं आणि मीठ नाहीसं झालं. मी खूश होऊन वहीत खूण केली.

अक्का म्हणाली, "मीठ तं फुंकर मारी तरी जास. तुना दारनं पायपुसनं आन."

दुकानदार हसला, पण त्याने पायपुसणं आणलं. मग अक्काने ग्लासातलं पाणी पिण्याऐवजी आपल्या गर्द हिरव्या लुगड्याच्या पदरावर ओतलं, पदर पिळला आणि हळूहळू यंत्राच्या मागे जाऊन बसली.

"अक्का, तोंड इकडे आहे त्याचं," दुकानदार म्हणाला.

"माले माहित शे. माले त्यानं बूड देखनं शे."

मला लाजल्यासारखं झालं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही बघत होती. यंत्र सुरू झालं, पायपुसण्याचा एक पट्टा साफ होत गेला. अक्काने ओला पदर मागच्या जाळीपाशी धरून ठेवला होता. यंत्र थांबल्यावर तिने पदर पसरला. हिरव्या कापडावर बशीएवढा राखाडी गोल उमटला होता.

"पुढे बठ्ठा लोक देखतस, मांगे कोनी नई," ती म्हणाली. "जिनिंगमा धूळ ओढनारा पंखाना पुढे मुकादम उभा राहे. मांगे, धूळ बाहेर पडे तठे, आम्ही."

एवढंच. मी तिची भाची, पण पंख्याच्या मागे ती इतकी वर्षं उभी होती हे मला त्या दिवशी, त्या राखाडी गोलात दिसलं.

दुसरं यंत्र पुढच्या पट्ट्यावर लावलं, पदराचं दुसरं टोक ओलं केलं. पुन्हा गोल उमटला, थोडा फिका. आता दुकानदारालाच चेव चढला. त्याने खालच्या फळीवरून एक बुटकं, कापडी पिशवीचं यंत्र काढलं. "हे कोणी विचारत नाही, पण लावून बघू." त्याच्या मागे जाळीच्या आत आणखी एक जाड गाळणी होती. उरलेला पट्टाही साफ झाला. या वेळी पदराचा मधला भाग ओला करून धरला होता, तो हिरवाच राहिला. किंमतही त्याचीच सगळ्यात कमी होती.

माझा गोंधळ मात्र वाढला. "अक्का, ह्याचे वॅट निम्मे पण नाहीत गं."

"वॅट म्हंजे काय व?"

"म्हणजे... ते वीज किती खातं ते."

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं.

अक्का म्हणाली, "म्हंजे तो कितला खास ते. खानारा बठ्ठा कामना ऱ्हास का?" दुकानदार इतका हसला की हसता हसता त्याने पायपुसणं झटकलं, उरलीसुरली धूळ उडाली आणि अक्का खोकली.

ते बुटकं यंत्रच आम्ही घरी आणलं. त्याला तिने नाव दिलं मुकादम. स्टुलावर बसून ती नळी फिरवायची. "जलमभर त्यानी माले फिरावं, आते मी त्याले फिरावस," असं म्हणायची. पिशवी भरली की मला गच्चीवर पाठवून रिकामी करायला लावायची आणि खिडक्या लावून घ्यायची. कपाटावरचा झाडू तिने स्वतःहून कधी मागितला नाही.

थंडी सुरू झाली होती. एका रविवारी दुपारी मी बाजारातून आले तर अक्का चटईवर सरळ आडवी पडलेली. पाय लांब, हात बाजूला. माझ्या हातातली पिशवी खाली पडली, कांदे घरभर गेले. तिला मी जन्मात कधी अशी पाहिली नव्हती. मी तिच्या नाकापुढे हात धरला.

डोळे न उघडता ती म्हणाली, "झोपू दे ना व आंडेर."

ते यंत्रामुळे झालं की डॉक्टरांनी औषध बदललं त्यामुळे, की एरंडोल सुटलं त्यामुळे, मला आजही नक्की सांगता येत नाही. मी डॉक्टरांना विचारलं, तेही म्हणाले, "सगळ्यामुळेच." वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

अक्का जाऊन वर्ष झालं. मुकादम अजून चालतो. ते हिरवं लुगडं मी ठेवलं आहे. दोन्ही टोकांचे गोल धुऊन गेले, पण कुठे होते ते मला माहीत आहे.

अक्का शेवटची तीन वर्षं आडवी झोपली.