सर्वेअर येईपर्यंत हात लावायचा नाही

मी देवाधर्माची नाही, भुताखेतांची तर मुळीच नाही. कॉलेजात असताना असले अनुभव सांगणाऱ्या मैत्रिणींना मी तोंडावर हसायचे. त्यामुळे हे वाचून तुम्ही हसलात तर माझी हरकत नाही. पण आधी पूर्ण वाचा... आणि मग मला कारण सांगा.

दोन हजार तीन-चारची गोष्ट. आम्ही इंदिरानगरमध्ये पहिल्या मजल्यावर राहायचो — मी आणि बाबा. आई आदल्या वर्षी गेली होती. माझी पांढरी मारुती गॅलरीच्या बरोबर खाली उभी असायची. सेकंडहँड, पण माझ्या पगाराची. एका सकाळी खाली येऊन बघते तर ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी आणि मागची काच फोडलेली, बॉनेटवर दगडाचे घाव. चोरलं काहीच नव्हतं. नुसती मस्ती! कुणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही. हाती लागला असता तर मी त्याला सोडला नसता.

पोलिसांत तक्रार दिली, इन्शुरन्सच्या ऑफिसात फोन केला. "मॅडम, सर्वेअर बघून जाईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. काचेचा तुकडासुद्धा हलवायचा नाही. नाहीतर क्लेम पास होणार नाही." ठीक आहे. सर्वेअर कधी येणार? आज येतील, उद्या येतील... आठवडा गेला. तोवर गाडी सगळ्या सोसायटीपुढे प्रदर्शनाला मांडल्यासारखी उभी. येणारा-जाणारा विचारायचा, "अरेरे, कुणी केलं हो?" मला माहीत असतं तर मी गप्प बसले असते का?

त्यात बाबा. रोज सकाळी फुटक्या खिडकीतून हात घालून डॅशबोर्डवरच्या गणपतीला जास्वंदीचं फूल वाहायचे. आईचा नेम, तो त्यांनी चालवला होता. बाबांना शुगर. साधं खरचटलं तरी महिनाभर चिघळायचं. आई असताना घरात कप फुटला, तर ती आधी बाबांना पाय वर घेऊन पलंगावर बसवायची. मग तुकडे वेचायची, बारीक कणांवरून ओल्या कणकेचा गोळा फिरवायची, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून जुन्या साडीच्या काठाने बांधायची. ती पुडी कचऱ्यात न टाकता खाली मीटरच्या पेटीमागे ठेवायची, जिना झाडणाऱ्या शांताबाईंचा हात कापू नये म्हणून. शांताबाई आईला मावशी म्हणायच्या.

सर्वेअर येणार त्या दिवशी सकाळी बाबांच्या बोटाला काच लागलीच. रक्त बघून माझं डोकं फिरलं. "बाबा, किती वेळा सांगितलं, आत हात घालू नका! आज तो माणूस येतोय. एक तुकडा हलला तर माझा क्लेम गेला!" बाबा बोट नळाखाली धरून उभे राहिले.

मी गॅलरीत खुर्ची टाकून बसले, चक्क राखणीला. खाली सीटवर काचा उन्हात चमकत होत्या, या डोळ्यांनी पाहिल्यात. गाडीपाशी कुणी फिरकलं नाही. मी जागची हलले नाही, पेपरसुद्धा उघडला नाही.

सर्वेअर आले, मी खाली धावले. त्यांनी आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "काचा कुठायत?"

सीट स्वच्छ. खालची मॅट स्वच्छ. खिडकीच्या रबरात अडकलेले टोकदार तुकडेसुद्धा काढलेले.

"आत्ता होत्या! मी वरून बघत होते!"

"काच फुटली म्हणता, आणि गाडीत एक कण नाही. मी काय लिहू, मॅडम?"

तेवढ्यात शांताबाई आल्या. हातात वर्तमानपत्राची पुडी, साडीच्या काठाने बांधलेली. "ताई, लय दिसांनी मीटरमागं पुडी दिसली. मी म्हनलं, मावशीच आल्या का काय!"

मी पुडी सोडली. आत माझ्या गाडीच्या काचा. मधोमध कणकेचा गोळा, बारीक कणांनी भरलेला. कणीक अजून मऊ होती. तिच्यावर बोटं उमटली होती.

"म्हणजे तुम्हीच साफ केलंत," सर्वेअर म्हणाले, "आणि वर माझ्यावर आवाज चढवताय." झालं. क्लेम नामंजूर.

मग मी काय बोलले ते सगळ्या सोसायटीने ऐकलं. सर्वेअर गेल्यावर बाबांवर घसरले. "तुम्हीच केलंत ना?"

बाबा म्हणाले, "मला कणीक मळता येते का गं?"

नाही येत. त्यांना चहापलीकडे काही येत नाही. पोळ्या करणाऱ्या बाई लग्नासाठी गावी, देवळ्याला गेलेल्या. मी बिल्डिंगमधलं प्रत्येक दार वाजवलं, भांडले, एका शेजारणीशी तर कायमचं बिनसलं. कुणी कबूल केलं नाही. आणि मी तर वरून बघतच होते... मग कोण?

राग मात्र आजही तसाच आहे. काच फोडणाऱ्याचा, त्या सर्वेअरचा. आणि आईचा — हो, आईचा! तो माणूस बघून जाईपर्यंत तरी थांबायचं होतंस ना गं!

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा फूल घेऊन खाली गेले. बोटाला पट्टी होती. मी सवयीने ओरडायला तोंड उघडलं. त्यांचा हात कोपरापर्यंत आत गेला, फूल ठेवून बाहेर आला. नवा ओरखडा एकही नव्हता.