एक छेद दोन अधिक एक छेद तीन

ही गोष्ट चार वर्षं मी कुणाला सांगितलेली नाही. घरात नाही, मैत्रिणींत नाही. तुम्हाला सांगतेय खरी — पण कुठून सुरुवात करू?

गणितापासूनच करते. बी.कॉम. झाले आणि एमबीएच्या प्रवेश परीक्षेचं डोक्यात घेतलं. इंग्रजी ठीक होतं, गणिताच्या नावानं मात्र आनंदीआनंद. म्हणून सीमाभागातल्या येळ्ळूर गावच्या आम्ही पाच मुली बसनं शहरात, टिळकवाडीला क्लासला जायला लागलो. मॅडम कन्नड. मराठी बोलायच्या, पण अडखळत — ‘तो वही’, ‘ती उत्तर’. आम्ही परतीच्या बसमध्ये त्यांच्या नकला करायचो. सगळ्यात छान नक्कल माझी असायची.

पहिल्या चाचणीत पन्नासपैकी सहा मिळाले. मॅडमनी मला थांबवून घेतलं आणि पाटीवर एक गणित लिहिलं : एक छेद दोन अधिक एक छेद तीन. मी वर वर मिळवलं, खाली खाली मिळवलं आणि उत्तर लिहिलं, दोन छेद पाच. पदवीधर मुलगी! पाचवीपासून मी पाठांतरावर निभावत आले होते, ते त्या एका ओळीत उघडं पडलं.

मॅडम हसल्या नाहीत. “खालचं नंबर वेगळं आहे, मग कसं मिळवतेस? पहिलं लसावि काढ,” एवढंच म्हणाल्या. रोज अर्धा तास आधी ये, पाचवीच्या पुस्तकापासून सुरू करू, असंही सांगितलं. तेव्हा त्यांची वही उघडी होती. कन्नड लिपीत ओळीनं शब्द लिहिलेले. मला कन्नड वाचता येतं, म्हणून वाचले — लसावि, मसावि, शेकडेवारी, सरळव्याज, त्रैराशिक. आमच्यासाठी बाई आमचे शब्द पाठ करत होत्या.

हे मी पाहिलं होतं. हे लक्षात ठेवा.

कारण घरी आल्यावर वडिलांनी, आप्पांनी, पेपर पाहिला आणि विचारलं, “सहाच? का गं?” आणि मी म्हणाले — मॅडम सगळं कन्नडातच शिकवतात, मला काही कळत नाही.

आमच्या गावात या वाक्याला पुरावा लागत नाही. सीमाप्रश्नाच्या मोर्चात आप्पांनी पाठीवर काठ्या खाल्ल्यात. ते खोटं कसं मानतील? “उद्यापास्नं जायाचं न्हाय,” म्हणाले, आणि संध्याकाळी देवळापुढच्या कट्ट्यावर चारचौघांत सांगून आले. आठवड्याभरात बाकीच्या चौघींचाही क्लास बंद झाला. त्यांना ठाऊक होतं की मॅडम मराठीत शिकवतात. पण घरच्यांपुढे त्यांचं कोण ऐकणार? आणि मीच तसं सांगितलेलं असताना त्या बोलणार तरी काय? त्यांच्यातल्या एकीनंही पुढं ती परीक्षा दिली नाही. मॅडमचा मला दोनदा फोन आला. मी उचलला नाही.

भाषेपायी ज्यांचं खरंच नुकसान झालं, अशी माणसं आमच्याकडे आहेत. त्यांच्या दुःखाच्या आड मी माझी लाज लपवली. पाचवीचं पुस्तक घेऊन बसायची लाज!

शेवटी बसावं लागलंच. त्या वर्षी परीक्षेत आपटले, नोकरी धरली. पण गणित डोक्यातून जाईना. गेल्या वर्षी चुलत भावाचं पाचवीचं पुस्तक मागून आणलं. रोज पहाटे ऑफिसला जायच्या आधी अपूर्णांक, फक्त अपूर्णांक. सलग चाळीस गणितं बिनचूक आल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही, असं ठरवलं. एकोणचाळिसावं चुकलं की परत पहिल्यापासून. रडले, पुस्तक फेकलं, पुन्हा उचललं. चुकलेलं प्रत्येक गणित वेगळ्या वहीत लिहिलं, आणि का चुकलं तेही. मग शेकडेवारी, मग व्याज. यंदा गणितात चांगले गुण पडले, प्रवेशही मिळाला. त्या मेहनतीचा मला अभिमान आहे, तो कशाला लपवू?

आप्पांनी पेढे वाटले. आणि गावातल्या सहा मुली माझ्यासमोर आणून बसवल्या. “आता आपल्या पोरींस्नी आपल्या भाषेत शिकिव. त्या बाईसारखं नगं.”

तेव्हा तोंड उघडायचं होतं. नाही उघडलं. दर रविवारी मी शिकवते, तेही मॅडमच्याच पद्धतीनं — पाचवीच्या पुस्तकापासून, आधी लसावि, पुढं त्यांच्या वहीतल्याच क्रमानं. गेल्या रविवारी एकीनं विचारलं, “आक्का, तुला ह्ये कुणी शिकिवलं गं? लई सोपं करून सांगतीस.” आप्पा दारातच बसले होते. मी म्हणाले, माझी मीच शिकले.

पहिल्यांदा खोटं बोलले तेव्हा घाबरले होते. या वेळी तर कसलीच भीती नव्हती. तरी बोलले.

उद्या रविवार. आप्पा दारात असतानाच सांगणार आहे, सहाही मुलींसमोर — मॅडम मराठीत शिकवत होत्या आणि त्यांचं बोलणं मला सगळं कळत होतं. कट्ट्यावर काय बोलतील ते बोलोत. मॅडमचा क्लास अजून चालू आहे, मी चौकशी केली. पत्ता सहा चिठ्ठ्यांवर लिहून ठेवलाय. बस कुठली आणि उतरायचं कुठं, तेही.