मागच्या डाव्या चाकाचा आवाज

आवाज पहिल्यांदा आला तो गव्हाण फाट्याच्या अलीकडे. सकाळचे नऊ वाजत आले होते, पुढे दोन ट्रेलर शेजारी शेजारी रखडत चालले होते आणि मला जासईच्या ऑफिसात सव्वानऊला पोचायचं होतं. खालून कुठून तरी घस्स, घस्स, घस्स. मी रेडिओ बंद केला. काच खाली केली. ट्रेलरचा धुरळा नाकातोंडात गेला, पण आवाज होताच. काच वर केली तर तो आतही यायला लागला. ऑफिसात पोचले, खुर्चीत बसले, तरी माझ्या कानात घस्स घस्स चालूच.

माझा स्वभाव असा की एखादी गोष्ट खुपली की ती काढल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. कंटेनरच्या कागदपत्रांचं काम मी वीस वर्षं करते आहे, एखादा शिक्का पुसट उठला तरी मी माणसाला परत पाठवते. तिथे ह्याला पगार म्हणतात. घरी ह्याच स्वभावाला अण्णा ‘तुझं सुरू झालं का?’ म्हणतात.

अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते, पनवेल डेपोला. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी त्यांनी ही गाडी घेतली. आता तिला सोळा वर्षं झाली, पासिंगही नव्याने करून घेतलं. मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं, ह्याच गाडीवर. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच आणि गाडीच्या वेळा ठरलेल्या. सकाळी सहाला गाडी अण्णांची. ते आपल्या तीन दोस्तांना त्यांच्या त्यांच्या दारातून उचलत, तळ्यावर घेऊन जात, दोन फेऱ्या मारून, कटिंग पिऊन, चौघांचं राजकारण आटपून साडेसातला परत. त्यातल्या एकाचे गुडघे असे की त्याला रिक्षात चढायलाही कोणीतरी लागतं. अण्णा शहात्तर वर्षांचे. त्यांचं सगळं म्हातारपण त्या दीड तासावर उभं होतं, आणि हे मला चांगलं माहीत होतं. म्हणूनच पुढे जे केलं ते आठवलं की मला माझाच राग येतो.

त्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं, ‘‘अण्णा, गाडी आवाज करते का हो?’’

‘‘कसला?’’

‘‘चाकापाशी. घासल्यासारखा.’’

‘‘मला तर नाही आला,’’ ते म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

आता ह्या टीव्हीचंच बघा. गेल्या वर्षापासून त्याचा आवाज वाढत चालला होता. मी मनात एक टाचणी टोचून ठेवली.

जासईच्या वाटेवर एक गॅरेज आहे. तिथला मेकॅनिक तिथल्याच गावचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने गाडी घेतली, दोन फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, ‘‘ताई, आवाज नाय.’’

‘‘नाही कसा? मी येताना ऐकत आले.’’

‘‘मी चालवली तवा नाय आला.’’

पुढच्या चाकात एखादा खडा अडकला असेल म्हणून त्याने दोन्ही चाकं काढून साफ केली. डंपर खडी सांडत जातात, ती उडून ब्रेकमध्ये बसते, असं होतं म्हणे. मी खूश. दुसऱ्या दिवशी गव्हाण फाटा येण्याआधीच घस्स, घस्स.

मग सुरू झाला माझा शोध. कंटेनर यार्डाची लांबच लांब भिंत आहे, तिच्या कडेने काच उघडी ठेवून गेलं की गाडीचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. मी डावी काच खाली करून गेले, मग यू-टर्न घेऊन उजवी काच खाली करून आले. डाव्या बाजूलाच होता. ब्रेक दाबला की वाढतो का? थोडा. वळताना कमी होतो का? नाही. मी हे सगळं मोबाईलवर टिपून ठेवत होते, तेही गाडी चालवताना, आणि मागून हॉर्न वाजला की माझं डोकं फिरायचं. ऑफिसात पंखा फिरला तरी मी कान टवकारायचे. घरी मिक्सर लावला की बंद करून पुन्हा लावायचे. लिफ्टचा दरवाजा घासला तर मी तीन मजले चढून गेले. जिवाला चैन म्हणून नव्हतं.

पुढचे ब्रेक पॅड बदलले. आवाज गेला नाही. एका रविवारी अण्णांना मुद्दाम शेजारी बसवून खांदेश्वरपर्यंत नेलं, त्यांनी स्वतःच्या कानाने ऐकावं म्हणून. आणि नेमकं त्या दिवशी चाक गप्प! जाताना नाही, येताना नाही. अण्णा समोर बघत शांत बसलेले.

‘‘आहे का कुठे?’’ त्यांनी विचारलं.

‘‘आज नाहीये,’’ मी दात ओठ खात म्हणाले. ‘‘पण असतो.’’

‘‘असेल,’’ ते म्हणाले.

त्या ‘असेल’ने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वेड्या माणसाला म्हणतात तसं ते ‘असेल’ होतं.

शेवटी मी रजा टाकली आणि गाडी अख्खा दिवस गॅरेजात ठेवली. स्टूल घेऊन स्वतः समोर बसले. मी म्हटलं, चारही चाकं उघडा, आज निकाल लागला पाहिजे. पुढची दोन्ही ठीक. मागचं उजवं ठीक. मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेकचा ड्रम निघता निघेना. हातोडीने ठोकून ठोकून त्याने तो काढला आणि मला जवळ बोलावलं. आतले ब्रेक शू, म्हणजे चाकाला धरणाऱ्या पट्ट्या, काळे पडून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. ड्रमच्या आतल्या बाजूला निळसर डाग होते. जळल्याचा वास आला.

‘‘सापडला,’’ तो म्हणाला. ‘‘ह्ये हँडब्रेकनं जालाय. कुनीतरी हँडब्रेक वर ठेवून गाडी चालवतंय.’’

‘‘असं कसं होईल? गाडी पुढेच जाणार नाही.’’

‘‘पुरा नाय. एक-दोन खटके. दोन म्हयन्यांमागं तुमीच घट्ट करून घेतलाव ना? आता एक खटका जरी वर ऱ्हायला तरी ह्ये चाक धरनार.’’

खरं होतं. आमच्या बिल्डिंगचं पार्किंग उतारावर आहे, गाडी सरकते असं वाटून मीच तो घट्ट करून घेतला होता. आणि हँडब्रेक लागलेला असला की समोर जो लाल दिवा पेटतो, तो आमच्या गाडीत कित्येक वर्षं बंद आहे. जुन्या गाडीत असं काय काय बंद असतं, माणूस त्याच्याशिवाय जगायला शिकतो.

‘‘घरी आनखी कोन चालवतं?’’ त्याने विचारलं.

‘‘वडील.’’

‘‘वय?’’

‘‘शहात्तर.’’

त्याने नुसती मान हलवली. आणि माझ्या डोक्यात सगळ्या टाचण्या एका जागी आल्या. टीव्हीचा वाढलेला आवाज. मागच्या महिन्यात गॅसवर ठेवून विसरलेलं दूध. चष्मा कपाळावर आणि शोधाशोध घरभर. अण्णांना आवाज येत नव्हता कारण त्यांचे कान गेले होते, आणि हँडब्रेक राहत होता कारण त्यांच्या लक्षात राहत नव्हतं. इतकं सरळ. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला आधी सुटका झाल्यासारखं वाटलं. सापडला एकदाचा.

नवे शू बसवून घरी आले. अण्णा चहा गाळत होते. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

‘‘अण्णा, उद्यापासून गाडी नका नेऊ.’’

‘‘का गं?’’

‘‘तुम्ही हँडब्रेक लावून चालवता. चाक जळलंय. मेकॅनिकने सांगितलं. गाडीत चार माणसं असतात तुमच्या, काही झालं तर?’’

त्यांनी चहाचं भांडं खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. ते चिडतील, तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला तू शिकवतेस का म्हणतील, अशी मी तयारी करून आले होते. उत्तरंही तयार होती.

‘‘बरं,’’ ते म्हणाले. आत गेले आणि त्यांच्याकडची चावी आणून टेबलावर ठेवली.

पहिले दोन दिवस त्यांचे दोस्त रिक्षाने तळ्यावर गेले. गुडघेवाले तिसऱ्या दिवशी थांबले. मग अण्णाही थांबले. सहाला उठायचे मात्र ते, आंघोळ करून, शर्ट घालून, गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहायचे. मी विचारलं, ‘‘चालत का नाही जात?’’ तर म्हणाले, ‘‘जाईन.’’ मी घाईत होते. मी नेहमीच घाईत असते.

दहा-बारा दिवस गाडी गुणी बाळासारखी चालली. मग एका सोमवारी, गव्हाण फाट्याच्या अलीकडे, घस्स.

मी गाडी बाजूला घेतली. हात स्टिअरिंगवर तसेच. ट्रेलर जात होते, प्रत्येक वेळी गाडी हलत होती. दोन आठवड्यांत ही गाडी माझ्याशिवाय दुसऱ्या कोणीही चालवली नव्हती. मी खाली बघायला हवं होतं, दोन सीटच्या मधे, हातभर अंतरावर. पण मी काय केलं? मेकॅनिकला फोन करून झाप झाप झापलं. शू हलके बसवलेस म्हटलं. तो बिचारा ‘‘घेऊन या ताई’’ एवढंच म्हणाला. आठवडाभर मी त्याच्याकडे गेले नाही. मनात कुठेतरी पाणी मुरत होतं आणि मला ते बघायचं नव्हतं.

त्याच आठवड्याच्या रविवारी उरणला साखरपुडा होता, नात्यातला. अण्णा कडक इस्त्रीचा सदरा घालून शेजारी बसले. मी गाडी सुरू केली, उतारावरून खाली घेतली आणि रस्त्याला लागण्याआधी डाव्या आरशात पाहिलं. म्हणून मला तो हात दिसला. अण्णांचा उजवा हात सवयीने दोन सीटच्या मधे आला. अंगठ्याने हँडब्रेकचं बटण दाबलं, दांडा बोटभर खाली नेऊन टेकवला आणि चोरी पकडल्यासारखा हात झटकन मांडीवर गेला.

मी तिथेच ब्रेक मारला.

‘‘हे कधीपासून करताय?’’

‘‘काय?’’

‘‘अण्णा!’’

‘‘तू घट्ट करून आणलास तेव्हापासून,’’ ते समोर बघत म्हणाले. ‘‘बटण दाबतेस आणि दांडा अर्ध्यातच सोडतेस. मी बसलेलो असलो की करतो खाली. तुझं लक्ष उजव्या आरशात असतं.’’

‘‘मग सांगितलं का नाही?’’

‘‘पहिल्याच दिवशी सांगायला लागलो होतो.’’

आणि मला आठवलं. ‘‘अगं, तो जरा पूर्ण—’’ एवढंच ते बोलले होते आणि मी म्हणाले होते, ‘‘अण्णा, मला चालवू द्या ना शांतपणे!’’ ते गप्प बसले होते. मी हे विसरूनही गेले होते.

‘‘आणि मी गाडी नेऊ नका म्हटलं तेव्हा? तेव्हा तरी तोंडावर मारायचं होतं माझ्या.’’

त्यांनी सदऱ्याची बाही सारखी केली.

‘‘तू म्हणालीस, मेकॅनिकने सांगितलं. मला वाटलं, असेलही. तुझ्या हातून राहतं हे मला दिसत होतं, पण माझ्या हातून राहत नाही कशावरून? कोणी शेजारी बसून बघितलंय?’’

‘‘तुमच्या हातून नाही राहत. तुम्ही गाडी नेणं बंद केल्यावरही आवाज आलाय, आठवडा झाला. चूक माझी आहे, सगळी माझी.’’

‘‘हो, चाकाची तुझीच.’’

‘‘मग उद्यापासून गाडी तुमची. सहाला.’’

‘‘नाही, नको.’’

‘‘का नको? झालं ना आता सिद्ध?’’

‘‘एसटीवर असताना मला कधी विचार करावा लागला नाही,’’ ते म्हणाले. ‘‘हात आपापले जायचे. तू म्हणालीस त्या दिवसापासून मी रोज सकाळी गॅलरीत बसून मनातल्या मनात चालवून बघतो. आरसा, क्लच, गियर, हँडब्रेक. एकेक आठवतो. कधी मधलं एखादं सुटतं, कधी नाही सुटत. आता प्रत्येक गोष्टीला विचार येतो मधे. असा माणूस तिघांना मागे बसवून न्यायच्या लायकीचा नाही राहत.’’

‘‘अण्णा, ते तुम्ही उगाच—’’

‘‘तुझ्यावर राग नाही,’’ ते म्हणाले. ‘‘पण गेलं ते.’’

मी रडायला हवं होतं, मी भडकले. तुम्ही हट्टी आहात, तुम्हाला मला शिक्षा करायची आहे, वाट्टेल ते बोलले. ते ऐकून घेत होते. मला तेव्हाच कळत होतं की मी ज्या माणसावर ओरडते आहे त्याच्यातला ड्रायव्हर काही केल्या आता परत मिळणार नाही, आणि त्याला मीच एका वाक्यात, खांद्याला पर्स अडकवलेली असताना, संपवला होता. मागे कोणाचा तरी हॉर्न लागला.

‘‘चल,’’ अण्णा म्हणाले. ‘‘डावीकडून बाईक येतेय, जाऊ दे तिला. हां, आता घे.’’

मी गाडी काढली. त्यांनी सीट जरा मागे केली आणि डोळे मिटले. मला वाटलं, नुसतं बोलायचं नाही म्हणून. पण जासईच्या पुढे त्यांची मान खिडकीकडे कलंडली आणि श्वास जड झाला. दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत ज्यांचा जन्मात कधी डोळा लागला नाही, ते अण्णा उरण येईपर्यंत झोपून होते.